उघडिपीच्या तारखा

चंदीगडमध्ये बर्फ पडत नाही. जानेवारीत धुके पडते, शाळांच्या वेळा बदलतात, सेक्टर बावीसच्या बाजारात मोज्यांचे आणि कानटोप्यांचे ढीग लागतात; आणि आमच्या कार्यालयात सकाळी साडेआठला बर्फाविषयीचे बोलणे सुरू होते. साडेआठ ही वेळ डोंगरातल्या सर्व निरीक्षण चौक्यांना ठरवून दिलेली आहे. त्या वेळी प्रत्येक चौकीवरचा निरीक्षक बाहेर येतो, बर्फात रोवलेल्या दांडीवरचा आकडा वाचतो, तापमान आणि वारा पाहतो, समोरचे उतार दुर्बिणीतून न्याहाळतो, हे सारे नोंदवहीत उतरवतो आणि मग आम्हाला दूरध्वनीवरून सांगतो. सव्वानऊपर्यंत आम्ही त्या दिवसाचे हिमस्खलनाचे अनुमान लिहून परत पाठवायचे. हुकूम देण्याचा अधिकार आमचा नाही. पण आमच्या कागदावर ‘जाऊ नये’ असे असले, तर कोणत्याही चौकीचा अधिकारी माणसे वाटेवर सोडत नाही.

मी मूळची गणिताची शिक्षिका. सांगली जिल्ह्यातल्या एका मुलींच्या शाळेत सात वर्षे शिकवले. पती हवाई दलात असल्याने चंदीगडला आले. संख्याशास्त्राची पदवी होती, म्हणून या कार्यालयात जागा मिळाली. पतींच्या बदल्या होत राहिल्या, पण मुलगी आणि मी इथेच थांबलो. खडू सुटला, तरी सवयी सुटल्या नाहीत. कोणतीही गोष्ट पायरीपायरीने सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि हे टिपणही मी त्याच रीतीने लिहिणार आहे.

पहिली पायरी म्हणजे मॉडेल. आमच्याकडच्या संगणकाच्या मॉडेलविषयी लोकांची कल्पना फार भव्य असते. वस्तुतः माझे मॉडेल एकच प्रश्न विचारते: आजच्यासारखे दिवस पूर्वी कधी आले होते? गेल्या चोवीस तासांत पडलेला बर्फ, जमिनीवर साचलेला एकूण बर्फ, तापमान, वारा, सूर्यप्रकाशाचे तास, हे आजचे आकडे घेऊन ते गेल्या अकरा हिवाळ्यांच्या नोंदी चाळते आणि आजच्याशी सर्वाधिक मिळतेजुळते असे दहा दिवस काढून समोर ठेवते. त्या दहांपैकी किती दिवशी त्या उतारावरून हिमस्खलन झाले, ते मोजायचे. सात दिवशी झाले असेल, तर धोका मोठा. एकाच दिवशी झाले असेल, तर कमी. एवढेच. अनुभवी माणूसही मनात हेच करतो. फरक इतकाच की संगणक विसरत नाही.

आमच्याकडे असा एक अनुभवी माणूस होता. त्यांना सगळे नुसते ‘सर’ म्हणत. रोज पिंजौरहून बसने येत, स्वेटरवर कोट आणि कोटावर शाल अशा थाटात खुर्चीत बसत, आणि निरीक्षकांशी पाच-सात मिनिटे बोलून पेन्सिलीने अनुमान लिहीत. एका चौकीचे अनुमान तर ते कोणालाही लिहू देत नसत. त्या चौकीवरून दर आठवड्याला बारा माणसांची तुकडी खालच्या सडकेपर्यंत जाई. रॉकेल, पीठ आणि टपाल घेऊन परत येई. मधल्या वाटेवर एका घळीखालून वीस मिनिटे चालावे लागते. घळ भरलेली असली आणि सुटली, तर त्या वीस मिनिटांत पळायला जागा नाही.

सर एकतीस मार्चला निवृत्त होणार होते. त्यांच्यानंतर त्या घळीचे अनुमान माझ्या मॉडेलने द्यायचे, असे वरून ठरले होते. म्हणून त्या हिवाळ्यात आम्ही दोघे शेजारीशेजारी अनुमान काढत होतो: त्यांचे पेन्सिलीचे, माझे संगणकाचे. वेगळी आली, तर त्यांचे पाठवायचे.

दुसरी पायरी म्हणजे नोंदी. नोंदी जितक्या खऱ्या, तितकेच मॉडेल खरे. त्यासाठी मी दर वर्षी ऑक्टोबरात निरीक्षकांचा आठवडाभराचा वर्ग घेत असे, आणि पहिल्या दिवशी फळ्यावर एकच नियम लिहीत असे: जे स्वतः पाहिले तेच लिहावे, आणि ज्या दिवशी पाहिले त्या दिवशी लिहावे. अंदाज नको, ऐकीव नको. माझ्या आधीही हाच नियम होता. मी तो अधिक कडक केला. जुन्या नोंदवह्या संगणकात भरतानाही मी त्याच नियमाने भरल्या. त्या नियमाचा मला अभिमान होता.

घळीच्या चौकीवरचा निरीक्षक दोन वर्षांपूर्वी याच वर्गात बसला होता. सातारा जिल्ह्यातला हवालदार, वयाने माझ्याएवढाच. वर्गातले इतर सगळे मला ‘मॅडम’ म्हणत, हा म्हणाला, “फळ्याजवळ उभ्या राहून मराठीत रागावता, तवा आमच्यासाठी तुम्ही बाईच.” तेव्हापासून साडेआठच्या फोनवर रोज ‘बाई’ ऐकू येई. आकडे सांगून झाले की तो म्हणे, “बरं बाई, ठेवू?” आणि माझे ‘ठेवा’ ऐकल्याशिवाय ठेवत नसे.

जानेवारीच्या मध्याला एक मोठा पश्चिमी चक्रावात आला. सोमवारी बर्फ सुरू झाला. बुधवारी तुकडीचा खाली उतरण्याचा दिवस होता. त्या सकाळी हवालदाराने चोवीस तासांत पंचावन्न सेंटिमीटर ताजा बर्फ सांगितला. वारा घळीच्या माथ्याकडून. मी आकडे भरले. मॉडेलने दहा दिवस काढले, आणि त्यांपैकी एकाच दिवशी हिमस्खलन झाले होते. धोका कमी.

सरांनी शालीतून हात बाहेर न काढताच मान हलवली. “कोई नहीं जाएगा।”

“सर, हे दहा दिवस पाहा तरी,” मी त्यांच्याशी हिंदीतच वाद घालू लागले. “सगळे जोरदार बर्फाचे दिवस आहेत. नऊ दिवशी काही झालेले नाही.”

त्यांनी यादीकडे पाहिले नाही. पडद्याकडे बोट करून म्हणाले, “मॅडमजी, आपका कंप्यूटर धूप से डरता है, बर्फ से नहीं।”

खोलीत हशा पिकला. मला ते वाक्य टोमण्यासारखे लागले, कारण ते खरे होते आणि मला त्याचे कारण माहीत नव्हते. माझे मॉडेल खरोखरच उघडिपीच्या दिवशी धोका मोठा दाखवी आणि वादळात कमी. मी त्याचे स्पष्टीकरणही तयार ठेवले होते: उन्हाने बर्फ सैल होतो, म्हणून तो उघडिपीत घसरतो. पुस्तकात तसे एक कारण आहेही. सोयीचे कारण हाती लागले की माणूस पुढे शोधत नाही.

अर्थात सरांचेच अनुमान गेले. तुकडी थांबली. गुरुवारी मी हवालदाराला विचारले, “काही पडलं का?”

“काय दिसंल तर सांगंन, बाई. समोर नुसतं पांढरं हाय. हात लांब केला तर बोटं दिसंनात.”

मी माझ्या वहीत बुधवारपुढे आणि गुरुवारपुढे ‘नाही’ लिहिले. मनात म्हटले, एक तुकडी उगाच थांबली.

शुक्रवारी दुपारी, ठरलेली वेळ नसताना, फोन आला.

“बाई, घळ आली खाली. वाट गाडली समदी.”

“पडताना पाहिलीत?”

“न्हाई. पडलेली बगितली. ढग सरकलं आन् दिसली.”

“आणि तारीख?”

“आजचीच लिवली. तुमीच सांगितलंय, बगितलं त्या दिशी लिवायचं.”

मी ‘बरोबर’ म्हणणार होते. तेवढ्यात एक साधा प्रश्न सुचला, जो मी अकरा हिवाळ्यांच्या नोंदी भरताना एकदाही विचारला नव्हता.

“ढिगाऱ्यावर ताजा बर्फ आहे का?”

“हाय की. ढेकळं दिसत न्हाईत. वरनं सारवल्यागत गुळगुळीत झालंया.”

त्याच्या सांगण्यावरून घळ रिकामी झालेली होती आणि ढिगाऱ्याची एक कड चौकीच्या बाजूच्या, वाट दाखवणाऱ्या खांबापर्यंत आली होती. अधिकाऱ्याला विचारून, तेवढ्या कडेपर्यंतच जाऊन, काठी खुपसून पाहा, असे मी सांगितले. पंधरा मिनिटांनी तो परत बोलला. धाप लागलेली होती.

“चाळीस शेंटिमीटर मऊ. खाली दगडावानी कडक. काठी शिरंना.”

कडक ते हिमस्खलनाचे, मऊ ते त्यानंतर पडलेले. बुधवारी साडेआठपासून गुरुवारी साडेआठपर्यंत तीस सेंटिमीटर पडला होता, त्यानंतर शुक्रवार सकाळपर्यंत पंचवीस. ताजा बर्फ दबतो; पडताना पन्नासच्या आसपास असलेला आता चाळीस भरतो, म्हणून हा हिशेब ढोबळच. पण ढोबळ हिशेबही पुरेसा होता. घळ शुक्रवारी सुटलेली नव्हती. ती बुधवारी, दिवसा, केव्हातरी सुटली होती. तुकडी बुधवारी साडेनऊला निघणार होती.

मी फोन ठेवला आणि बुधवारचे ते दहा दिवस पुन्हा उघडले. नऊ दिवसांपुढे ‘नाही’. या खेपेस मी प्रत्येक दिवसाच्या पुढचे दिवस पाहिले. नवांपैकी सहा ठिकाणी, वादळ संपून पहिली उघडीप झाली त्या तारखेला, त्याच घळीत हिमस्खलनाची नोंद होती. उत्तरपत्रिका तपासताना पान उलटून मागे काही लिहिले आहे का ते पाहावे, हे मी नव्या शिक्षिकांना सांगत असे.

निरीक्षकांनी काहीच चुकीचे लिहिले नव्हते. त्यांनी नियम पाळला होता. वादळात कोणालाच काही दिसत नाही. ढग गेले की दिसते. दिसले की लिहायचे. म्हणून आमच्या वहीत प्रत्येक वादळ निर्धोक होते आणि प्रत्येक उघडीप धोक्याची. मॉडेल प्रामाणिक विद्यार्थ्यासारखे शिकवलेले तेच घोकत होते. चूक होती शिकवणाऱ्याची. ‘हिमस्खलन कधी झाले’ हा एक प्रश्न आहे आणि ‘ते कधी दिसले’ हा दुसरा. मी दोन्हींसाठी एकच रकाना ठेवला होता.

मी सरांकडे जाऊन सांगितले. ते आता जिंकल्यासारखे बोलतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“मुझे ये नहीं पता था,” ते म्हणाले. “मैंने तो रजिस्टर की तारीख कभी देखी ही नहीं। मैं रिमार्क पढ़ता हूँ।”

नोंदवहीत सर्वांत उजवीकडे शेऱ्याचा रकाना असतो. तिथे निरीक्षक मनात येईल ते लिहितात: ढिगाऱ्यावर ताजा बर्फ गुडघाभर, काल रात्री आवाज आला, कोल्ह्याची पावले. संगणकात भरताना मी तो रकाना वगळला होता, कारण त्यात आकडे नव्हते.

त्याच दिवशी मी संचालकांना लेखी कळवले. चूक काय, कोणाची आणि किती हिवाळे चालली, हे तीन परिच्छेदांत लिहिले. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारले, “मग बंद करू या का हे?”

“बंद केलं, तर एक एप्रिलपासून त्या घळीसाठी शेरे वाचणारं कोणी नसेल,” मी म्हणाले. “साऱ्या खोऱ्याला मिळून जे एक अनुमान जातं, त्यावर ती बारा माणसं चालतील. मला दहा मार्चपर्यंत वेळ द्या.”

त्यांनी वेळ दिला, आणि अट घातली: एक हिवाळा मॉडेलपासून लपवून ठेवायचा. दुरुस्ती झाली की त्या न पाहिलेल्या हिवाळ्यावर त्याची परीक्षा घ्यायची. मीही परीक्षक असते, तर हीच अट घातली असती.

घरी मुलीने, ती नववीत होती, नाश्त्याच्या टेबलावर सगळे ऐकून घेतले. तिला मराठी पूर्ण समजते. उत्तर हिंदीत येते.

“मतलब आई, स्टूडेंट फेल नहीं हुआ। टीचर फेल हुई।”

“हो,” मी म्हणाले. “आणि टीचरला आता रीटेस्ट आहे. पराठा संपव.”

सर्वांत सोपी दुरुस्ती एका तरुण सहकाऱ्याने सुचवली: सगळ्या तारखा एक दिवस मागे सरकवाव्यात. पाच मिनिटांचे काम. पण वादळ कधी एक दिवसाचे असते, कधी पाच दिवसांचे. आणि काही हिमस्खलने खरोखरच उन्हात, निरीक्षकाच्या डोळ्यांदेखत झालेली असतात. एक चूक काढून तिच्या जागी दुसरी, अधिक नीटनेटकी चूक बसवायची नव्हती. म्हणून अकरा हिवाळ्यांच्या नोंदवह्या भांडारातून काढल्या आणि प्रत्येक हिमस्खलनाला तीन प्रश्न विचारायचे ठरवले. कोणी पडताना पाहिले का? ती जागा याआधी शेवटची मोकळी केव्हा दिसली होती? ढिगाऱ्यावर किती ताजा बर्फ होता? या तिन्हींवरून दिवस ठरला, तर ठरला. नाही ठरला, तर ‘अज्ञात’ लिहायचे आणि ते दिवस मॉडेलमधून काढून टाकायचे.

सर आपणहून सोबतीला बसले. धुक्यात अडकू नये म्हणून ते पिंजौरहून पहाटेचीच बस धरत. जेवणानंतर आम्ही कार्यालयाच्या मागच्या पायऱ्यांवर उन्हात बसत असू. ते शेरे मोठ्याने वाचत, मी वहीत खुणा करत असे, आणि मध्ये भुईमुगाच्या शेंगांचा कागद. जुन्या निरीक्षकांची अक्षरे ते ओळखत.

“ये आलसी था,” एका पानावर थांबून ते म्हणाले. “सुबह उठता नहीं था। लेकिन झूठा नहीं था। जहाँ नहीं देखा, वहाँ लाइन खींच दी।”

दुसऱ्या एका हिवाळ्यातले मोठे हिमस्खलन कोणत्या दिवशी झाले ते कळेना. शेऱ्यात काही नव्हते. सरांनी डोळे मिटले. “मंगलवार लिख दो। मुझे याद है, मंगलवार ही था।”

“सर, कुठे लिहिलेले आहे?”

“लिखा नहीं है। याद है।”

“मग अज्ञात.”

“बड़ी सख्त हो,” ते म्हणाले आणि पुढचे पान उलटले. बऱ्याच नोंदी अशा गेल्या. प्रत्येक नोंद काढताना मॉडेलची आठवण थोडी आखूड होत होती, हे मला दिसत होते. तरी काढल्या.

इकडे चालू हिवाळ्याच्या नोंदीही बदलायला हव्या होत्या. मी सर्व चौक्यांना कळवले: यापुढे रकाने दोन. हिमस्खलन दिसले ती वेळ, आणि तीच जागा याआधी शेवटची मोकळी पाहिली ती वेळ. खरी वेळ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असणार. म्हणजे काही पडले नाही, तरी उतार दिसला की ‘मोकळा’, अर्थात खाली ढिगारा नसलेला, असे वेळेसह लिहायचे.

हवालदार ऐकून घेत होता. मग म्हणाला, “बाई, हितं शाई गोठतीय, पेन्शील धराय बोट वळंना, आन् तुमी रकानं वाढवताय.”

“मी आधी शिकवलं ते अर्धंच होतं, हवालदार.”

“म्हंजी अर्ध्या शिकवणीवर मी दोन हिवाळं काढलं म्हना की!” तो हसला, पण पुरते हसला नाही. त्या बुधवारी साडेनऊला निघणाऱ्या बारांमध्ये तोही होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. “लिवतो. पन आत्ताच सांगून ठेवतो, मार्चात मी सुट्टीवर जानार. धाकटीचा साखरपुडा हाय, एकोनीस तारखेला. चौदाच्या तुकडीबरोबर उतरलो, की गाडी धरून येळंत पोचतो.”

मी अभिनंदन केले. तो म्हणाला, “तेवढं तुमच्या संगणकाला सांगून ठेवा.”

आठ मार्चला दुरुस्ती पुरी झाली. लपवलेला हिवाळा समोर ठेवला. मॉडेल पहिल्यांदाच बर्फाला भ्याले. वादळाच्या बहुतेक घातक दिवशी त्याने इशारा दिला. दोन ठिकाणी चुकले. काही ठिकाणी उगाच घाबरले. मी तिन्ही प्रकार वेगवेगळे मांडून संचालकांकडे दिले. त्यांनी चुकलेल्या दोन ठिकाणांविषयीच सर्वाधिक प्रश्न विचारले, आणि शेवटी कागदावर ‘चालू ठेवावे’ असे लिहिले.

बारा मार्चला पुन्हा बर्फ सुरू झाला.

चौदाच्या सकाळी साडेआठला हवालदाराचे आकडे आले. ताजा बर्फ बराच, वारा माथ्याकडून. मी मॉडेल चालवले. दहांपैकी सात. अनुमानाचा कोरा कागद नेहमीप्रमाणे सरांपुढे ठेवला. त्यांनी तो दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला.

“आज आप लिखिए। मेरे सत्रह दिन बचे हैं।”

मी ‘जाऊ नये’ लिहिले आणि सही केली. कागद जायच्या आतच फोन वाजला.

“बाई, थांबलंय पडायचं. तासाभराची उघडीप दिसतीय. खालचं ढग हायेत, पन आमी वीस मिन्टात पार होतो.”

“घळ दिसते का?”

“न्हाई. पन—”

“जाऊ नका, हवालदार.”

“किती सांगतंय यंत्र?”

“सात.”

“सात म्हंजी तीन येळा काय बी होत न्हाई.”

“बरोबर आहे. आणि सात वेळा होतं. तुम्ही बारा जण आहात.”

तारेत वारा ऐकू येत होता. “बाई, एकोनीस तारीख हाय. माहीत हाय न्हवं?”

“माहीत आहे. तरी जाऊ नका.”

त्याने फोन ठेवला. ‘ठेवू?’ असे विचारले नाही.

सर हे सगळे ऐकत होते. “पाँच आता तो?”

“तरी हेच लिहिलं असतं.”

“तीन?”

मी यादीतले दहा दिवस पुन्हा पाहू लागले. ते उठून चहा सांगायला गेले. जाता जाता म्हणाले, “जिस दिन तीन आए, उस दिन सोचना। आज नहीं।”

पंधराला आकडा पाच होता. पुन्हा ‘जाऊ नये’. त्या दिवशी सरांनी कागदाकडे पाहिलेही नाही. अकरा चाळीसला चौकीवरून फोन आला. आवाज कोरडा होता.

“ढग गेलं. घळ भरलेली, जशीच्या तशी. काय बी सुटलं न्हाई.”

“वेळ लिहिलीत?”

“अकरा चाळीस. घळ मोकळी, खाली ढिगारा न्हाई. दुसऱ्या रकान्यात.” आणि मग, “दोन दिस गेलं माझं, बाई.”

“हो. माझ्यामुळे गेले.”

मी त्याला संभाव्यता शिकवत बसले नाही. दोन दिवसांत बर्फ दबला होता. रात्री आकाश निरभ्र राहिले आणि कडाक्याची थंडी पडली. सोळाला पहाटेच तुकडी तयार होती. त्या सकाळी साडेआठच्या आधीच, विशेष परवानगीने, आकडे मागवून घेतले. दहांपैकी एक. मी ‘जाण्यास हरकत नाही, ऊन घळीवर येण्यापूर्वी पार व्हावे’ असे लिहिले. एक म्हणजे शून्य नव्हे. जानेवारीत हाच ‘एक’ मी सरांना आवाज चढवून सांगितला होता. या वेळी फोन येईपर्यंत मी दुसरे कोणतेही काम हाती घेतले नाही.

साडेनऊला सडकेवरच्या ठाण्यातून तो बोलला. “पोचलो. बारा.”

“गाडी मिळेल?”

“मिळंल, पन परवाची. घरी पोचायला वीस उजाडंल. साखरपुडा आता फोनवरनं बगायचा.” मागे कोणीतरी चहासाठी हाक मारत होते. “नव्या निरीक्षकाला दोनी रकानं समजावून आलोय. तो म्हनतोय, एवढं कशापायी. म्या म्हनलं, बाईंना इचार. बरं, ठेवू?”

“ठेवा.”

ती घळ त्या हिवाळ्यात सुटलीच नाही. एप्रिलअखेर बर्फ जागच्या जागी वितळला.

सोळाच्याच दुपारी मी दोन्ही दिवस संग्रहात भरले. तरुण सहकारी म्हणाला, हे दिवस वगळले तर चालणार नाही का. पहिल्याच इशाऱ्यावर ठपका येतो. मी त्याला हवालदाराची नोंद दाखवली. अकरा चाळीस, घळ मोकळी: त्या चौकीवरून आलेली वादळानंतरची ही पहिली नोंद होती, जिच्यातला नकार पाहून लिहिलेला होता, न दिसण्यातून आलेला नव्हता. चौदा मार्च, हिमस्खलन नाही. पंधरा मार्च, नाही. पुढे कधीतरी चौदासारखी सकाळ पुन्हा उजाडेल, तेव्हा हा दिवस त्या दहांत येऊन बसेल आणि हिमस्खलनाच्या एखाद्या दिवसाला बाहेर सारून साताचे सहा करील. सहावरही मी ‘जाऊ नये’ असेच लिहीन. पण ते सहा असतील, तर कागदावर सहाच असले पाहिजेत.